फोर्डची 'टी' मोटार व डहाणू–तलासरीचा मुलूख

जुन्या घराण्यांचे रुमाल सोडीत असतां संशोधकाचा हात एखाद्या कागदावर क्षणभर थांबतो, आणि मग तो कागद बाजूस पडतो. सनदा, वतनाचे कज्जे व मोडी जमाखर्च यांच्यामध्यें फोर्ड मोटारीचें बिल, टायरची पावती किंवा मोटारीपुढें उभ्या राहिलेल्या कुटुंबाचें पिवळें पडलेलें छायाचित्र निघालें, तर तें 'अर्वाचीन' ठरून रद्दींत जातें. पालखीच्या भोयांचा रोजमुरा आपण डोळ्यांत तेल घालून वाचतों. पण पालखीच्या जागीं जें वाहन आलें, त्याचे कागद वाचण्याचें शिक्षण आपण कोणींच घेतलेलें नाहीं. शंभर वर्षांपूर्वींचा कागद हाहि आतां जुनाच कागद होय.

म्हणून प्रस्तुत लेखांत फोर्डच्या 'टी' नमुन्याच्या मोटारीची हकीकत देऊन, ती आपल्या प्रांतांत कोणत्या वाटेनें आली, तिचे अवशेष कसे ओळखावे, आणि डहाणू–तलासरीसारख्या मुलुखांत तिच्या प्रसिद्ध स्वस्ताईचा अर्थ काय करावा, यांचा विचार करावयाचा आहे. या मार्गांत दोन समज आडवे येतात. फोर्ड गाडी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून आली हा एक, व ती स्वस्त होती हा दुसरा. पैकीं पहिला बहुतांशीं चुकीचा आहे. दुसरा खरा आहे, पण कोणासाठीं हें विचारल्याशिवाय तो मान्य करतां येत नाहीं.

स्वस्त व मोठ्या संख्येनें निघणारी मोटार प्रथम हेन्री फोर्डनें केली, हें विधान वारंवार आढळतें. तें खरें नव्हे. तो मान रॅन्सम ओल्ड्स यास दिला पाहिजे. त्याची एका सिलिंडरची, पुढची फळी वळविलेली 'ओल्ड्समोबील' गाडी १९०१ सालापासून ६५० डॉलरांस विकली जात होती. फोर्डचें वैशिष्ट्य निराळें होतें. त्यानें हलकी असून दणकट, चार सिलिंडरची, वाईट रस्त्यावर चालणारी पूर्ण मोटार केली, आणि ती एकच नमुना धरून एकोणीस वर्षें काढली. डेट्रॉइट शहरांतील पिकेट रस्त्यावरच्या कारखान्यांतून १९०८ च्या शरदऋतूंत ती बाहेर पडली. चार-पांच माणसांच्या उघड्या गाडीची किंमत ८५० डॉलर होती. त्या वेळच्या रुपयास १ शिलिंग ४ पेन्स या भावानें ही रक्कम सुमारें २,६२० रुपये होते. म्हणजे आरंभीं ती स्वस्तहि नव्हती. इतरांपेक्षां कमी महाग होती, इतकेंच.

तिच्या रचनेचा थोडा परिचय करून घेणें अवश्य आहे, कारण जुन्या पत्रांतील कित्येक उल्लेख त्याशिवाय उलगडत नाहींत. एंजिनाचीं चारहि सिलिंडरें एकाच ओतीव ठोकळ्यांत असून वरचें झांकण वेगळें काढतां येई. सिलिंडरचा व्यास पावणेचार इंच, दट्ट्याची धांव चार इंच, व शक्ति वीस अश्वांची. आंसासारख्या जोराच्या भागांस व्हॅनेडियम मिसळलेलें पोलाद वापरलेलें असल्यामुळें वजन कमी राहिलें. फ्लायव्हीलवर सोळा लोहचुंबक बसवून त्यांपासूनच ठिणगीची वीज घेतलेली असे, त्यामुळें बॅटरीवांचून गाडी चालू शके. पाणी खेळविण्यास पंप नव्हता (पहिल्या सुमारें अडीच हजार गाड्यांस मात्र होता). तापलेलें पाणी वर चढतें व निवलेलें खालीं उतरतें, एवढ्यावरच काम भागे. बिघडण्यासारखें कांहीं ठेवूंच नये, अशी ही युक्ति दिसते.

चालविण्याची रीत मात्र आजच्या माणसास बुचकळ्यांत टाकील. पायाशीं तीन पेडलें असत, पण त्यांपैकीं एकहि वेग वाढविण्याचें नव्हे. डावें पेडल पूर्ण दाबलें कीं गाडी हळू गतींत चाले, सोडलें कीं जलद गतींत, आणि मधोमध धरलें कीं एंजिन सुटें होई. मधलें पेडल उलट गतीचें, उजवें ब्रेकचें. पेट्रोल कमीजास्त करण्याचा दांडा हातापाशीं, सुकाणूच्या चाकाखालीं असे. फोर्डवर शिकलेला ड्रायव्हर दुसऱ्या बनावटीच्या गाडीवर बसला कीं गोंधळे, व दुसरा फोर्डवर बसला कीं त्याहून अधिक गोंधळे. 'फोर्ड चालविणारा पाहिजे' असा निराळा उल्लेख एखाद्या कागदांत असल्यास तो शब्दबाहुल्य समजूं नये.

फोर्ड गाडी चढण उलटी चढे, असें जुनीं माणसें सांगत. ती थट्टा नव्हे. पेट्रोलची टांकी पुढच्या बैठकीखालीं असून पेट्रोल केवळ उतारानें एंजिनाकडे वाहे. टांकी भरलेली नसतांना तीव्र चढण लागली कीं एंजिन टांकीहून उंच होई, पेट्रोल पोहोंचत नसे, व गाडी बंद पडे. मग ती फिरवून मागच्या बाजूनें चढवावी लागे. शिवाय उलट गतीचा जोर हळू गतीहूनहि अधिक होता, हा दुसरा लाभ. हँडल मारतांना ठिणगीची वेळ चुकली, तर हँडल उलट फिरून मनगट मोडे; विजेनें सुरू होण्याची सोय कारखान्यांतून मिळूं लागली ती १९१९ पासून.

आतां किंमत कशी उतरली तें पाहूं. फोर्डनें १९१० सालीं हायलंड पार्क येथें मोठा कारखाना उभारला. तेथें एप्रिल १९१३ मध्यें प्रथम ठिणगीच्या यंत्राची जुळणी फिरत्या रांगेवर करून पाहिली. एक कामगार एकटा बसून जें यंत्र वीस मिनिटांत जुळवी, तें रांगेंतील अनेक हातांनीं तेरा मिनिटें दहा सेकंदांत होऊं लागलें. रांग उंच करून, चालती करून, शेवटीं पांच मिनिटांवर आलें. त्याच वर्षीं गाडीच्या सांगाड्यासहि हीच रीत लाविली. पूर्वीं एका सांगाड्यास साडेबारा तासांच्या जवळपास वेळ लागे. १९१४ च्या वसंतापर्यंत तो एक तास तेहतीस मिनिटांवर आला. शिकागोच्या खाटिकखान्यांत टांगलेलें जनावर रांगेनें पुढें सरकत जाई व प्रत्येक जण आपल्या वांट्याचा तुकडा कापून घेई. तीच कृति येथें उलट क्रमानें केली आहे.

या कामाचा कंटाळा इतका होता कीं कामगार टिकेनात. तेव्हां जानेवारी १९१४ मध्यें फोर्डनें आठ तासांच्या दिवसास पांच डॉलर देण्याचें जाहीर केलें. त्यांतील मोठा भाग नफ्याच्या वांटणीचा असून कामगाराच्या घरगुती वागणुकीची चौकशी करूनच तो मिळे, हें त्या औदार्याचें वर्णन करणारे बहुधा सांगत नाहींत. गाडीची किंमत उतरत उतरत १९२५ सालापर्यंत दोन माणसांच्या साध्या गाडीस २६० डॉलरांवर आली. मे १९२७ मध्यें हा नमुना बंद झाला, तेव्हां दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या होत्या.

आपल्याकडे ही गाडी आली ती कॅनडांतून. हेन्री फोर्डची कंपनी सुरू झाल्यावर अवघ्या वर्षानें, ऑगस्ट १९०४ मध्यें, डेट्रॉइट नदीच्या पलीकडच्या तीरावर वॉकरव्हिल येथें एका गाड्यांच्या जुन्या कारखान्यांत गॉर्डन मॅक्ग्रेगर यानें फोर्डची कॅनडा कंपनी काढली. तिच्याशीं झालेल्या करारानें कॅनडा आणि ग्रेट ब्रिटन व आयर्लंड वगळून ब्रिटिश साम्राज्याचे इतर सर्व मुलूख तिच्या वांट्यास आले. हिंदुस्थान त्यांतच मोडत असे. साम्राज्याच्या नकाशावर आंखलेली ही व्यापारी वांटणी पुढें फार काळ टिकली. मुंबईस १९२६ सालीं फोर्डची हिंदुस्थानांतील कंपनी स्थापन झाली, ती या कॅनडा कंपनीचीच शाखा होय. (शिवडीस १९२८ सालीं मोटारी जुळवूं लागलेली जनरल मोटर्स ही वेगळी, व ती थेट अमेरिकन. शेव्हरोलेटचे कागद फोर्डच्या कागदांत मिसळूं नयेत.)

संग्राहकाच्या दृष्टीनें या कॅनडाच्या उगमास महत्त्व आहे, कारण त्यानें अवशेषांची ओळख पटते. अमेरिकन 'टी' गाडीचें सुकाणू डाव्या बाजूस, आपल्याकडील उजव्या बाजूस. अमेरिकन उघड्या गाडीस १९१२ नंतर पुष्कळ वर्षें पुढील डावीकडचा दरवाजा नुसता पत्र्यावर उठविलेला आकार असे, तो उघडत नसे. कॅनडांतील सांगाड्यास पुढचे दोन्ही दरवाजे उघडणारे असत. एंजिनाच्या ठोकळ्यावरील क्रमांकाआधीं 'सी' हें इंग्रजी अक्षर असल्यास तो ठोकळा कॅनडाचा. चाकाच्या मध्यावरील टोपणावर 'मेड इन कॅनडा' हीं अक्षरें सांपडल्यास अधिक पुराव्याची गरजच उरत नाहीं. भंगारांत गेलेल्या गाडीचीं टोपणें पुष्कळदां मागें राहतात. तीं कोणी पेटीच्या तळाशीं ठेविलीं असल्यास टाकूं नयेत.

छायाचित्राचा काल ठरविण्यास रेडिएटर सर्वांत उपयोगी. पितळी चकचकीत रेडिएटर असेल तर गाडी १९१६ पर्यंतची. काळ्या पत्र्याच्या वेष्टनाचा व गोलसर खांद्यांचा असेल तर १९१७ च्या नमुन्यापासूनची. दिव्यांच्या मागें ॲसिटिलीन वायूची नळी दिसल्यास गाडी १९१५ पूर्वींची धरण्यास हरकत नाहीं. विजेचे दिवे आले तरी त्यांस वीज एंजिनाच्या लोहचुंबकांतूनच मिळे, त्यामुळें गाडी हळू झाली कीं दिवे मंद होत. रात्रीच्या प्रवासाच्या जुन्या वर्णनांत हा तपशील आढळल्यास तो कल्पनाविलास नव्हे. रंगाविषयीं एक इशारा. फोर्ड गाडी काळीच असे, हें केवळ १९१४ ते १९२५ या वर्षांपुरतें खरें आहे. आरंभीं तांबड्या, करड्या व हिरव्या गाड्याहि निघाल्या, आणि अखेरच्या दोन वर्षांत रंग पुन्हां आले. तेव्हां काळी नाहीं म्हणून एखादी गाडी मागाहून रंगविलेली ठरवूं नये.

आणखी दोन गोष्टी. छायाचित्राची कांच उलटी ठेवून छाप काढला गेल्यास सुकाणू डावीकडे जातें आणि कॅनडाची गाडी अमेरिकन भासते. म्हणून आधीं अंगरख्याचे बंद, पदर किंवा पाटीवरचीं अक्षरें सुलट आहेत कीं नाहींत तें पाहावें. दुसरें असें कीं, गाडी १९२७ मध्यें बंद झाली तरी तिचें एंजिन निराळें विकण्यासाठीं ऑगस्ट १९४१ पर्यंत तयार होत होतें. यास्तव १९२७ नंतरचा एंजिन-क्रमांक मिळाला तर त्यावरून गाडीचें वय काढूं नये. तो जुन्या गाडींत मागाहून बसविलेला असेल, किंवा एखाद्या पंपाचा अथवा करवतीचा असेल.

इतकी सामग्री हातीं घेऊन डहाणूकडे वळूं. या मुलुखाचे दोन भाग डोळ्यांत भरतात. पश्चिमेस समुद्र, खाडी, घोलवड–बोर्डीच्या वाड्या आणि त्यांना लागून जाणारी रेल्वे. पूर्वेस सागाचें जंगल, गंभीरगड, महालक्ष्मीचा सुळका व वारल्यांचे पाडे. मुंबई–बडोद्याची रेल्वे १८६४ सालीं मुंबईस पोहोंचली, तेव्हांपासून जंगलांतील लाकूड व गवत बैलगाडीनें स्टेशनावर आणि तेथून मुंबईस, हाच येथील व्यापाराचा ओघ राहिला. हें गवत मुंबईच्या तबेल्यांत जात असे. मोटारीनें मुंबईचा घोडा घालविला, पण डहाणूच्या गवताचा व्यापार घालविला नाहीं, कारण गोठ्यांतील म्हशी राहिल्या. एका वाहनानें दुसरें मारलें असें आपण सहज लिहितों. असल्या ठिकाणीं जरा थांबावें.

फोर्ड गाडी ही मूळची अमेरिकेंतील चिखलाच्या, चाकोऱ्यांच्या शेतवाटांसाठीं केलेली. तिचें पोट जमिनीपासून उंच, व पुढचा आंस एकाच आडव्या कमानीवर टांगलेला असल्यामुळें एक चाक खड्ड्यांत गेलें तरी सांगाडा पिळवटत नसे. बैलगाडीच्या वाटेवर चालूं शकेल अशी ती मोटार होती. तिच्याच अंगानें १९१७ सालीं निघालेला एक टनी 'टीटी' खटारा तर लांकूड, गवत असल्याच मालासाठीं योग्य. पण वाट असणें व ती चार महिन्यांचा पाऊस सोसणें, यांत अंतर आहे. मोटारीस योग्य रस्ते कसे व्हावे याचा विचार सरकारनें केला तो बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून. ती १९२७ सालीं नेमली गेली व पुढील वर्षीं तिचा अहवाल आला. त्या शिफारशीवरून १९२९ मध्यें पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसवून रस्त्यांचा मध्यवर्ती निधि उभारला गेला. 'टी' नमुना तोंवर बंद होऊन दोन वर्षें होत आलीं होतीं. ज्या गाडीनें रस्त्यांची मागणी निर्माण केली, तिला ते रस्ते मिळाले ते म्हातारपणीं.

आणि किंमत? २६० डॉलर ही सर्वांत खालची किंमत धरूं. रुपयास १ शिलिंग ६ पेन्स या तेव्हांच्या भावानें ती सुमारें ७१२ रुपये होते. हा आंकडा कारखान्याच्या दारापाशींचा. जहाजाचें भाडें, विमा, विकणाराचा नफा व जकात यांवर चढत. मोटारीवरील जकात १९२७ सालीं तीस टक्क्यांवरून वीसांवर आणली गेली.

या ७१२ रुपयांस दुसऱ्या एका आंकड्याशेजारीं ठेवून पाहावें. मे १९४५ मध्यें झरी येथें वारल्यांची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें किसान सभेनें वेठबिगारीविरुद्ध जो लढा उभारला, त्यांत पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये आणि इतर कामास दिवसास बारा आणे, अशी मागणी होती. बारा आणे हा मिळणारा दर नव्हता. ज्यासाठीं त्या वर्षीं माणसांनीं बंदुकीच्या गोळ्या खाल्ल्या, तो मागितलेला दर होता. त्या मागितलेल्या दरानें ७१२ रुपये होण्यास साडेनऊशें दिवस लागतात. फोर्डच्या कामगारास १९१४ च्या पांच डॉलर दरानें तीच गाडी बावन्न दिवसांची मजुरी पडते. दोन आंकडे एकाच सालचे नाहींत, हें मान्य. परंतु मधल्या काळांत मजुरीचा दर वारल्यांच्या बाजूनें फार सुधारला होता असें मानण्यास आधार नाहीं. गरिबाची मोटार हें फोर्डचें बिरुद डेट्रॉइटमध्यें खरें व तलासरींत निरर्थक ठरतें, तें यामुळें.

याचा आपल्या कामाशीं संबंध असा कीं, दप्तर हें मोटारवाल्याचें असतें. त्यांत टायर, पेट्रोल, ड्रायव्हरचा पगार यांची नोंद आणेपैपर्यंत सांपडेल. परंतु नाल्यांत रुतलेली गाडी ज्यांनीं ढकलून काढली, ज्यांच्या वेठीनें वाट पावसाळ्यानंतर पुन्हां चालती झाली, त्यांचा खर्च सांपडणार नाहीं, कारण वेठीस मजुरी नसतेच. जमाखर्चांत रकाना रिकामा असणें हाहि पुरावा आहे, हें पेशवेकालीन कागदांवरून आपणांस ठाऊक आहे; तोच नियम येथें लावावा. दुसरी बाजू पाहण्यास सिमिंग्टन यांचा १९३८ चा आदिवासींविषयींचा सरकारी अहवाल आणि गोदावरीबाईंचें 'जेव्हां माणूस जागा होतो' हे दोन ग्रंथ मोटारीच्या बिलांबरोबर टेबलावर उघडे ठेवावे. छायाचित्रांतहि पाहण्याची दृष्टि बदलावी. रेडिएटर पाहून साल ठरविलें कीं काम झालें असें न समजतां, गाडीच्या मागें, चौकटीच्या कडेस कोण उभें आहे तें भिंगानें पाहावें व छापाच्या पाठीवर लिहून ठेवावें.

आतां हे कागद कोठें शोधावे याविषयीं दोन शब्द. १९१४ च्या हिंदी मोटार कायद्यानें गाडीची नोंदणी व चालविण्याचा परवाना आवश्यक झाला. १९३९ च्या कायद्यानें त्याची जागा घेतली. म्हणून खासगी दप्तरांतील परवान्यावर कोणत्या सालच्या कायद्याचा उल्लेख आहे तें प्रथम वाचावें, तारीख फाटलेली असली तरी त्यावरून कालाची एक कड निश्चित होते. डहाणूचा मुलूख त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. तलासरीकडील गांवें मात्र तेव्हां उंबरगांव तालुक्यांत मोडत. १९६० सालीं गुजरात राज्य झालें, तेव्हां उंबरगांव तिकडे गेला आणि तलासरीचा भाग इकडे राहिला. त्यामुळें तलासरीच्या एखाद्या घराण्याच्या मोटारीचा माग काढणाऱ्यानें ठाण्याबरोबर उंबरगांव व वलसाड यांचीहि वाट धरावी, आणि कागद गुजराती लिपींत असण्याची तयारी ठेवावी.